मिक्सरचं चॅनल वरनं खाली कसं वाचायचं? (भजनी मंडळ, १२ चॅनल आणि सारखी सीटी)

पेठेतला_पखवाज | गुरुवार, रात्री ११.५२

मंडळी, मदत पाहिजे. आमचं कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं भजनी मंडळ. मी पखवाज वाजवतो, पण गेल्या महिन्यापासून मिक्सर माझ्या गळ्यात पडलाय. आधीचा पोरगा नोकरी लागली म्हणून पुण्याला गेला आणि 'तू बारावीला सायन्स घेतलं होतंस की' एवढ्या एका पात्रतेवर मला खुर्चीत बसवलं. पखवाज भाच्याकडं दिलाय. मिक्सर सेकंडहँड, १२ चॅनलचा. बरोबर पुस्तक बिस्तक काही नाही.

आज एकादशीचं भजन होतं. बुवांनी आवाज एकदम खाली आणला, अगदी पुटपुटल्यासारखा. मला वाटलं लोकांना ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्या चॅनलचं वरचं पहिलं फिरवायचं बटण, म्हणजे गेन, आणखी फिरवलं. असली सीटी बसली की गाभाऱ्यातले पुजारी हातातली आरती तशीच धरून बाहेर आले. बुवांनी टाळ मांडीवर ठेवले आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

प्रत्येक चॅनलवर वरनं खाली हे आहे: कॅननची पिन बसायचं भोक, त्याखाली पी-३८ चं (जाड गोल पिनेचं) भोक, लो कटचं दाबायचं बटण, गेन, हाय-मिड-लो अशी तीन बटणं, ऑक्स, एफएक्स, पॅन, म्यूट, पीएफएल आणि शेवटी फेडर. मी सध्या सगळ्यांचा गेन जवळपास फुल ठेवतो आणि फेडर तळाशी बोटभर वर. गाणारे चार माईक, पेटी, पखवाज, टाळकऱ्यांना दोन, आणि सुरुवातीला मोबाईलवरनं गाणी. माझं काय चुकतंय?

हलगीसम्राट | शुक्रवार, सकाळी ७.१०

बारावीला सायन्स घेतलेल्या माणसाला मिक्सर, आणि आर्ट्सवाल्याला प्रास्ताविक. सगळ्या मंडळात ह्योच नियम हाय भावा. 😄

खटक्यावर_बोट | शुक्रवार, सकाळी ९.३५

गेन फुल आणि फेडर तळाला? म्हणजे गाडी फुल ॲक्सिलरेटर दाबून ब्रेकवर चालवतोयस.

मी तीस वर्षं या धंद्यात आहे. लग्नं, तमाशे, शाहिरी, सभा, सगळं केलंय. नव्या पोराला मी पहिल्या दिवशी एवढंच सांगतो, की गेन म्हणजे आवाज नव्हे. लोकांना किती ऐकू जायचं ते फेडर ठरवतो. माईककडनं मिक्सरच्या पोटात किती यायचं ते गेन ठरवतो. दोन्हीचा परिणाम एकसारखाच वाटतो म्हणून सगळे फसतात.

माईकमधनं येणारी वीज अगदी चिमटीएवढी, काही मिलीव्होल्ट. मिक्सरच्या आतल्या कामाला साधारण एक व्होल्टच्या आसपास लागतं. मधला जिना गेन चढवतो. बऱ्याच मिक्सरांत तो ६० डीबीपर्यंत (डेसिबल) जातो, म्हणजे व्होल्टेज हजारपट. तू बुवांच्या माईकला हजारपट करून वर ते टेकडीवरनं खाली दाबतोयस. मग ते पुटपुटले काय आणि ओरडले काय, माईकला स्पीकरचा आवाजसुद्धा हजारपट ऐकू येणार. सीटी नाही बसणार तर काय होणार?

आता गेन कसा लावायचा ते नीट वाच. घाई करू नकोस, यातच निम्मं काम आहे.

चॅनलचा फेडर पूर्ण खाली. गेन पूर्ण डावीकडं. हाय-मिड-लो तिन्ही मधोमध, १२ वर. पीएफएल दाब. आता मीटरवर फक्त ते एक चॅनल दिसेल, फेडर खाली असला तरी. बुवांना सांग, 'सगळ्यात वरचा सूर ज्या अभंगात लागतो तो म्हणा.' हॅलो हॅलो माईक चेक चालणार नाही. हॅलो म्हणताना माणूस वाण्याच्या दुकानात बोलल्यासारखा बोलतो, आणि गाताना तोच माणूस दुप्पट-चौपट जोरात गातो. गाणं चालू असताना गेन हळूहळू उजवीकडं ने. मीटर साधारण शून्याच्या आसपास नाचू दे, जोराच्या जागेला जरा वर गेला तरी चालतंय. लाल पीकचा दिवा लागला तर मागं ये. तो दिवा फाटायच्या थोडं आधीच पेटतो, पण 'अजून जागा हाय' असं समजून खेळू नकोस.

मग पीएफएल सोड आणि फेडर शून्यावर आण. शून्य म्हणजे बंद नव्हे, फेडरच्या वरच्या भागात जिथं ० छापलंय तिथं. आता आवाज जास्त झाला, तर मास्टर किंवा अँप्लिफायर खाली घे. कार्यक्रमात गेनला हात लावायचा नाही, फेडरनं काम करायचं.

फेडर तळाला ठेवून का काम करू नये, हे बोटानंच कळतं. शून्याच्या आसपास एक सेंटीमीटर सरकवलास तर पाच-सहा डीबीचा फरक पडतो. तळाशी तेवढ्याच सेंटीमीटरमध्ये वीस-तीस. म्हणून तुझं बोट जरा हललं की बुवा एकतर गायब, नाहीतर अंगावर.

पाटकरी | शुक्रवार, दुपारी १.०५

मी साऊंडवाला नाही, शिरोळ भागातला ऊसवाला. पण गावच्या सप्त्याला मिक्सर माझ्याकडंच असतो. मी हे सगळं पाण्यावरनं शिकलो, बघा पटतंय का.

नदीवरची मोटार म्हणजे माईक. गेन म्हणजे मोटारीजवळचा वॉल्व्ह. तिथं कमी सोडलं तर पुढं किती बी दारं मोडा (म्हणजे उघडा), पाणी सरीच्या शेवटाला पोचत नाही. तिथं जास्त सोडलं तर पाट फुटतो, आणि एकदा फुटलेलं पाणी खाली दारं लावून परत येत नाही. आवाज फाटणं म्हणजे तेच. गेनला फाटलेला आवाज फेडर खाली घेऊन बारीक होतो, पण फाटलेला तो फाटलेलाच.

पुढं पाटाला दारं. ऑक्स हे एक दारं, एफएक्स दुसरं, फेडर म्हणजे शेवटचं मोठं दारं. काही दारं मोठ्या दाराच्या वरच्या अंगाला फोडलेली असतात, काही खालच्या अंगाला. वरच्या अंगाच्या दारात पाणी चालूच राहतं, मोठं दारं लावलं तरी. ह्यालाच ती पोरं प्री आणि पोस्ट म्हणतात. मला हे कळायला दोन सप्ते गेले.

सर्किटवाला | शुक्रवार, दुपारी ३.४०

पाटकरी, उपमा झकास, पण एक ठिकाणी घोटाळा होईल म्हणून सांगतो. पाटात वरचं दारं मोडलं की खालच्या सरीचं पाणी कमी होतं. मिक्सरमध्ये तसं होत नाही. ऑक्स कितीही उघडा, फेडरकडं जाणारा आवाज तेवढाच राहतो, कारण प्रत्येक फाट्याला स्वतःचं सर्किट असतं. आमच्याकडं एका पोरानं बाहेरचा आवाज वाढावा म्हणून सगळे मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्यांना स्वतःचं ऐकायला ऑक्सवर लावलेले स्पीकर, बंद केले होते, 'तिकडं वाटून जातंय' म्हणून. गाणारे बिचारे बहिरे होऊन गात होते.

पखवाजवाले, तुमच्या चॅनलवर दोन भोकं आहेत, त्याबद्दल. कॅननचं भोक माईकसाठी. त्यातल्या तीन पिनांपैकी १ नंबर अर्थिंग, २ आणि ३ वर एकच आवाज, पण एकमेकांच्या उलटा. मिक्सर २ मधून ३ वजा करतो. वाटेत वायरीला चिकटलेली घरघर दोन्हीत सारखीच असते, ती वजाबाकीत उडते. म्हणून तीस-चाळीस फूट लांब लीडलाही घरघर येत नाही. पी-३८ चं भोक कीबोर्ड, ड्रम मशीन असल्या जोरकस आवाजासाठी.

आणि मिक्सरवर कुठंतरी '+४८ व्होल्ट' किंवा 'फँटम' असं बटण असेल. ते कंडेन्सर माईकला त्याच वायरीतून वीज देतं. तुमच्या हातातल्या साध्या डायनॅमिक माईकला ते लागत नाही. लीड नीट तीन पिनांची असेल तर चालू राहिलं म्हणून माईक जळतही नाही, कारण २ आणि ३ दोन्हीवर सारखेच ४८ व्होल्ट पोचतात, फरक शून्य. पण लोकल सोल्डर केलेली, ३ नंबर अर्थिंगला जोडलेली लीड असेल, तर मात्र गडबड. चालू-बंद करताना आधी म्यूट करा, नाहीतर स्पीकरमधून बार उडाल्यासारखा ठोका येतो.

रंकाळ्याचा_वारा | शुक्रवार, संध्याकाळी ६.२०

मोबाईलवरनं गाणी म्हणालास म्हणून माझा किस्सा सांगतोच. चुलत बहिणीचं लग्न, हॉलमध्ये साऊंड माझ्याकडं. नवरीच्या एन्ट्रीला गाणं लावलं. म्युझिक सुरू झालं, तबला आला, व्हायोलिन आली, पण गाणारी बाईच नाही! पाठीमागं कुठंतरी विहिरीतनं ओरडल्यासारखा एको फक्त. नवरी स्टेजपर्यंत चालत आली कराओकेवर. मामा म्हणतात, 'मोबाईल रिपेअरला टाक.' मोबाईलला हेडफोन लावला, तर बाई मजेत गातीये.

आजपर्यंत कळलं नाही काय झालं.

सर्किटवाला | शुक्रवार, संध्याकाळी ७.०२

वर सांगितलेली वजाबाकीच झाली. 😀 तुमची वायर एका बाजूला मोबाईलची बारीक पिन, दुसऱ्या बाजूला तीन भागांची, दोन काळ्या पट्ट्यांची एक पी-३८ पिन, बरोबर? ती तुम्ही एका मोनो चॅनलच्या पी-३८ भोकात घातली. मोबाईलनं टोकावर डावा आवाज पाठवला, मधल्या कड्यावर उजवा. मिक्सरला वाटलं एकच आवाज सुलट-उलट आलाय, म्हणून त्यानं डाव्यातून उजवा वजा केला. गाण्यात गायिका बहुतेक वेळा मधोमध असते, म्हणजे दोन्हीत अगदी सारखी. सारख्यातून सारखं गेलं, बाई गेली. तबला-व्हायोलिन डावी-उजवीकडं पसरलेली होती म्हणून वाचली. तिचा एकोही पसरलेला असतो, म्हणून तो विहिरीतनं येत होता.

उपाय: मोबाईलच्या बाजूला एक पिन आणि मिक्सरच्या बाजूला दोन साध्या मोनो पी-३८, अशी वायर घ्या. लक्ष्मीपुरीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागितली की मिळते. ती दोन चॅनलमध्ये किंवा एका स्टिरिओ चॅनलच्या डाव्या-उजव्या भोकात घाला.

रंकाळ्याचा_वारा | शुक्रवार, संध्याकाळी ७.११

सहा वर्षं मामांचा तो मोबाईलवरचा संशय मी वागवतोय. आज फोन करून सांगतो.

पेठेतला_पखवाज | शुक्रवार, रात्री १०.१५

आमच्यात पण मोबाईलला तीच एक पिनवाली वायर आहे! मला वाटायचं जुन्या गाण्यांची रेकॉर्डिंग तशीच असतात.

खटक्यावर_बोट काका, सगळं वाचलं, दोनदा. आता ऑक्सचं सांगा. ऑक्सवर आम्ही बुवांच्या समोरचा मॉनिटर लावलाय आणि एफएक्सवर एको. बुवांना मॉनिटर जास्त पाहिजे, आणि वाढवला की सीटी.

षड्जपंचम | शुक्रवार, रात्री १०.५०

मी गाते, म्हणून बुवांच्या बाजूनं बोलते. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई, त्यांच्या काळात ना माईक ना मॉनिटर. आता स्पीकर पुढं, आम्ही मागं. बाहेर गेलेला आवाज भिंतीवर आपटून उशिरा परत येतो आणि सूर कुठं आहे तेच कळेनासं होतं. गायक 'मॉनिटर द्या' म्हणतो ते हौसेनं नव्हे.

तीन गोष्टी लक्षात ठेवा दादा.

मॉनिटरचं ऑक्स प्री असलं पाहिजे, म्हणजे पाटकरींच्या भाषेत वरच्या अंगाचं दारं. नाहीतर तुम्ही बाहेरचा फेडर खाली घेतला की आमचा मॉनिटरही गेला, आम्ही जोरात गाणार, तुम्ही आणखी खाली घेणार. एको मात्र पोस्ट हवा. तो प्रीवर असेल तर बुवांचा फेडर खाली घेतल्यावर बुवा गायब आणि त्यांचं भूत मात्र चालू.

दुसरं, मध्येच गेन फिरवू नका. गेन सगळ्यांच्या वर बसलाय. तो हलला की बाहेरचं, मॉनिटरचं, एकोचं, सगळं एकदम हलतं. काल बुवांनी तुमच्याकडं जे बघितलं ना, त्यात सीटीपेक्षा 'माझ्या कानातला आवाज का बदललास' हे जास्त असणार. माझ्या गुरूंनी एकदा याच कारणावरून तंबोरा खाली ठेवला होता.

तिसरं, मॉनिटर माईकच्या पाठीमागं हवा, म्हणजे माईकचं शेपूट मॉनिटरकडं. आपले नेहमीचे गाण्याचे माईक मागच्या बाजूनं बहिरे असतात. आणि बुवा माईकची जाळी मुठीत धरत असतील, तर प्रेमानं सोडायला सांगा. जाळी झाकली की त्याचं ते बहिरेपण जातं, माईक सगळीकडून ऐकायला लागतो आणि सीटी मारतो.

खटक्यावर_बोट | शनिवार, सकाळी ८.२०

ताईंनी नेमकं सांगितलं. एक भर घालतो. एकोचा आवाज जर मिक्सरच्या एखाद्या साध्या चॅनलमध्ये परत घेतला असशील, तर त्या चॅनलचं एफएक्स बटण शून्यावर पाहिजे. नाहीतर एकोचा एको, त्याचा एको, अशी माळ लागते आणि दहा सेकंदात स्पीकर हंबरायला लागतो. मी भर सभेत केलंय हे. उमेदवाराचं शेवटचं वाक्य अजून फिरत असंल कुठंतरी.

आणि एको थोडाच. आपल्याकडं एको नसला तर गाणाऱ्याला वाटतं साऊंडच खराब, हे मान्य. पण भजनात शब्द कळले पाहिजेत. अभंग सांगायला असतो, नुसता घुमवायला नाही.

हलगीसम्राट | शनिवार, सकाळी ११.४५

हाय-मिड-लोचं कुणी बोललंच न्हाई. आमच्या मिरवणुकीत हलगी-घुमकं-कैताळाला मी तर लो फुल, हाय फुल, मिड खाली. हसणारा चेहरा. कडक वाजतंय.

खटक्यावर_बोट | शनिवार, दुपारी १२.३०

कडक वाजतंय ते हलगीमुळं भावा, तुझ्या बटणामुळं नव्हे. हलगी बिनमाईकची वाजवली तरी खासबागच्या वरच्या पायरीला ऐकू जाती. कुस्तीच्या मैदानात काय माईक लावून वाजवतात होय?

लो १० डीबी वाढवलास म्हणजे तेवढ्या पट्टीत अँप्लिफायरला दहापट ताकद लावायला सांगितलीस. तो बिचारा दोनपट देऊन दम टाकतो, मग सगळंच फाटतं, हलगीसकट. गरम झालेला अँप्लिफायर रुमालानं पंखा घालून चालवलेला बघितलाय की नाही तू?

आणि मिड खाली घेतलास म्हणजे नेमका शब्द काढून टाकलास. माणसाचं बोलणं कळतं ते १ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास. भजनाला तो हसणारा चेहरा लावला की बुवा काय म्हणतायत ते फक्त बुवांना माहीत.

हलगीसम्राट | शनिवार, दुपारी १२.४४

मिरवणुकीत शब्द कुणाला पाहिजेत काका. पण भजनाचं पटलं.

सर्किटवाला | शनिवार, दुपारी २.१५

पखवाजवाले, बटणं मधोमध असताना इक्वलायझर काहीच करत नाही, आणि निम्म्या वेळा तेच बरोबर असतं. आधी माईकची जागा हलवून बघा, मग बटण. वाढवण्यापेक्षा नको ते कमी करा.

पहिलं काम लो कटचं. गाणाऱ्या चारी माईकना, पेटीला आणि टाळाला तो दाबून ठेवा. साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं तो कापतो. तिथं माणसाच्या गळ्यात फारसं काही नसतं. असतो तो पंख्याचा वारा, माईकला लागलेला धक्का, मांडी बदलताना हललेली स्टेजची फळी आणि बाहेरून जाणारा ट्रक. फक्त पखवाजाचा दाबू नका. धुमीवरची, म्हणजे डाव्या तोंडावरची, कणीक ज्या घुमाऱ्यासाठी लावता, तोच कापला जाईल.

मिडला दोन बटणं असतील, एक वारंवारता आणि एक कमी-जास्त, तर सीटीची जागा शोधायला ते उपयोगी. फेडर जरा खाली घ्या, मिड थोडं वाढवा, आणि वारंवारतेचं बटण हळू फिरवत जा. जिथं आवाज नाकात गेल्यासारखा किंवा पत्र्यासारखा वाजेल, तिथं थांबून मिड खाली घ्या. तुमच्या मिक्सरला एकच मिडचं बटण दिसतंय, म्हणजे जागा कंपनीनं ठरवलेली, बहुतेक २.५ किलोहर्ट्झच्या जवळ. बुवांचा आवाज टोचत असेल तर ते १२ वरून ११ वर आणा. ९ वर नाही.

पाटकरी | शनिवार, रात्री ९.००

मी तर सीटीला एक सोपा उपाय केला. माईकच कमी केले. आमच्यात पण टाळकऱ्यांना दोन माईक होते. टाळाला माईक कशाला? वीस जण टाळ कुटतायत, ते बुवांच्याच माईकमधनं धो धो येतंय.

खटक्यावर_बोट | शनिवार, रात्री ९.२५

सोन्यासारखं बोलला. उघडे माईक दुप्पट झाले की सीटीची हद्द ३ डीबी अलीकडं येते. एकाचे आठ केलेस तर ९ डीबी गेले. म्हणून जो गात नाही त्याचा फेडर खाली. कीर्तनात बुवा बोलत असताना मागचे चारी माईक उघडे ठेवून ऑपरेटर चहाला गेलेला मी बघितलाय. त्यातल्या एका माईकवर कुणीतरी जेवायला काय केलंय ते विचारत होतं.

माईक कमी म्हटलं की मला आपलं केशवराव भोसले नाट्यगृह आठवतं. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं. संगीत नाटकवाले तिथं माईकशिवाय गायचे, शेवटच्या रांगेसाठी. नंतर आम्ही तिथं माईक टांगले आणि नटांनी आवाज टाकणं बंद केलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते जळालं त्या रात्री मी रस्त्यावर उभा होतो. जाऊ दे, विषय मिक्सरचा आहे.

पेठेतला_पखवाज | रविवार, रात्री ११.३०

आज देवळात दुपारी एकटा बसून सगळं उतरवून परत लावलं. भाच्याला गायला बसवला. गेन पीएफएलवर लावले. मी आधी जो फुल ठेवत होतो तो बुवांच्या माईकला घड्याळातल्या एकच्या काट्यावर पुरतोय! फेडर शून्यावर. मागची ती सततची 'श्श्श' पण गेली. मला वाटायचं ती पंख्याची.

टाळाचे दोन्ही माईक काढले. मोबाईलला दोन पिनांची वायर आणली, २०० रुपयाच्या आत. आता गाण्यात बाई आली.

दोन अडचणी. पेटीचं चॅनल मीटरवर हलतं, पण बाहेर आवाजच नाही. आणि ५ नंबरचा गेन फिरवला की खरखर करतो, कधी मध्येच गप्प होतो.

खटक्यावर_बोट | सोमवार, सकाळी ७.५५

पेटीचा पॅन बघ. अँप्लिफायरला मिक्सरची एकच बाजू जोडली असशील, डावी. पॅन उजवीकडं असला की आवाज दुसऱ्या दाराला जाऊन उभा राहतो, तिथं कुणीच नाही. देवळात स्पीकर एकीकडं दोन आणि ओसरीत एक असे असतात, तिथं पॅनचा खेळ करू नये. सगळे मधोमध. तरी आवाज नसेल, तर फेडरशेजारी एल-आर असं छोटं दाबायचं बटण आहे का बघ, ते वर राहिलं असेल.

खरखर म्हणजे बटणाच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ. मिक्सर बंद करून, वायर काढून, कॉन्टॅक्ट क्लीनरचा बारीक फवारा मार आणि वीस-तीस वेळा बटण इकडून तिकडं फिरव. तासभर वाळू दे. बऱ्याचदा जाते.

पण एक विचारतो. मिक्सर सेकंडहँड म्हणालास. खालच्या पत्र्याचे स्क्रू खोलून बघ, आत कोपऱ्यात मातीचा पातळ थर किंवा हिरवट गंज आहे का. २०१९ च्या महापुरात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी सगळी पाण्यात होती. २०२१ ला परत. त्यातला बराच माल वाळवून, पुसून, वरनं पॉलिश मारून फिरतोय. तसला असेल तर आज ५ नंबर, उद्या ६.

पेठेतला_पखवाज | सोमवार, रात्री ८.४०

पॅनच होता! उजवीकडं. कुणी फिरवला म्हणून सगळ्यांना विचारलं, कुणीच नाही. पेटीवाल्या काकांचा नातू शेजारी बसतो, तो मात्र त्या वेळी छताकडं बघत होता.

खोलून बघितलं. माती आहे काका. एका कोपऱ्यात, नखाएवढी. ज्यानं विकला त्याला फोन केला तर म्हणाला, 'ती आमच्या गोडाऊनची धूळ.' धूळ चिकट असती होय? असो. क्लीनर मारलाय, ५ नंबर सध्या गप्प आहे. तो चॅनल मी राखीव ठेवलाय.

पखवाजाला दोन्ही तोंडांना एकेक माईक लावून बघितलं. वेगवेगळे छान, एकत्र केले की घुमारा जातो. एकच ठेवू का?

सर्किटवाला | मंगळवार, सकाळी १०.१०

एका तोंडावर थाप पडली की ते आत जातं, आतली हवा दुसऱ्या तोंडाला बाहेर ढकलते. म्हणजे एक माईक 'ओढ' ऐकतो तेव्हा दुसरा 'ढकल'. दोन्ही एकत्र आले की खालचा सूर एकमेकांना खातो. परत वजाबाकीच. मोठ्या मिक्सरवर चॅनलच्या वर पोलॅरिटी उलटं करायचं बटण असतं. तुमच्यावर नाही, म्हणून एक लीड वेगळी करून घ्या, तिच्या एकाच टोकाला २ आणि ३ नंबर अदलाबदल केलेले. त्या लीडवर लाल टेप गुंडाळा, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हीच शोधत बसाल. लावून बघा, घुमारा आला तर ठेवा. नाही आला तर एक माईक काढा, सुखी राहा.

पेठेतला_पखवाज | शुक्रवार, रात्री १२.२०

आज पुढची एकादशी झाली. सीटी एकदाही नाही. मध्ये बुवा परत तसे पुटपुटले. हात गेनकडं गेला होता, पण थांबवला. फेडर चार बोटं नव्हे, नखभर वर सरकवला आणि परत आणला. रात्री १० वाजता बाहेरचे स्पीकर बंद करायचे असतात. बाहेरचा मास्टर खाली घेतला तरी बुवांचा मॉनिटर चालूच, आत भजन तसंच चाललं. वरच्या अंगाचं दारं, पाटकरी!

लाल टेपवाली लीड लावली. भाच्याचा पखवाज असा वाजला की माझ्या पोटात दुखलं.

बुवा काही बोलले नाहीत. निघताना मिक्सरजवळ थांबले, बघितलं आणि म्हणाले, 'ह्यातला मी कुठला?' दाखवलं. फेडरवर बोट ठेवून हलवलं नाही, नुसतं ठेवलं.

खटक्यावर_बोट | शनिवार, सकाळी ८.०५

फेडरच्या खाली कागदी चिकटपट्टी लाव आणि प्रत्येकाचं नाव लिही. मार्करनं, बॉलपेननं नको, घामाच्या हातानं पुसतं. लावलेल्या गेनचा फोटो पण मोबाईलमध्ये ठेव, त्या नातवाचा भरवसा नाही.

पेठेतला_पखवाज | शनिवार, दुपारी १.३०

पट्टी लावली. पहिल्यावर 'बुवा' लिहिलं, पुढं 'पेटी', 'पखवाज डावा', 'पखवाज उजवा'. उरलेल्या गाणाऱ्यांना 'मागे १, मागे २, मागे ३' लिहिलं होतं. तिघंही तेव्हापासून बोलत नाहीत.